दुसऱ्याचा नंबर

नागपूरच्या एका कॉलेजात बळीराम शिपाई होता. घंटा द्यायची, फळा पुसायचा आणि उरलेल्या वेळात वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून फुकटात शिकायचं. इंग्रजीच्या अरुंधतीबाई बोलू लागल्या की स्वारी कान टवकारून बसे.

१९७२ साली बाई एक जुनी भयकादंबरी शिकवत होत्या. ओसाड हवेलीचा मालक रोज एक जादा ताट वाढून ठेवतो. ज्या भावाच्या जिवावर तो मोठा झाला आणि ज्याला त्याने फसवलं, त्याच्यासाठी. "ते ताट म्हणजे त्याचा अपराध," बाई म्हणाल्या. "उपकार विसरवत नाहीत म्हणून वाढतो, पण तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून बोलावत कधीच नाही."

बळीरामला स्टुलावर बसवेना. त्या दिवशी तो घंटा द्यायचंही विसरला.

त्याची मोठी बहीण तुळसाबाई भिवापूरला राही. आई गेल्यावर मजुरी करून तिनेच त्याला शिकवलं. मॅट्रिकच्या निकालाचं वर्तमानपत्र तिने हौसेने आणलं, तेव्हा इंग्रजीत गटांगळी खाल्लेल्या या पठ्ठ्याने भलत्याच नंबरावर बोट ठेवलं. अक्षरओळख नसलेल्या तुळसाबाईने वस्तीत गूळ वाटला आणि तो कागद फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला. पुढे याने कॉलेजात बाबू झाल्याचंही कळवून टाकलं. दहा वर्षं तो दर दसऱ्याला तिला लुगडं पाठवी, स्वतः मात्र जात नसे. भित्रा माणूस, दुसरं काय!

त्या रविवारी मात्र त्याने एसटी पकडली. तुळसाबाई अंगणात मिरचीचे देठ खुडत होती. बळीराम समोर बसला आणि एका दमात बोलून गेला, "बाई, तो नंबर माहा नव्हता. मी नापास झालो होतो. बाबू नाही, शिपाई आहो मी."

तुळसाबाईचे हात थांबले.

"सावलीतलं काम आहे न?"

"हो. व्हरांड्यात असतो."

"मंग झालं त. उन्हात तुही पाठ भाजू नये, एवढंच मले पाहिजे होतं. राहू दे तो कागद भिंतीवर. कोणाचं तरी लेकरू पास झालं न? पण दहा वर्सं तोंड नाही दाखवलं तुनं, ते मले लागलं गा."

बळीराम लहान पोरासारखा रडू लागला. त्याचे डोळे पुसायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग सरकून त्याच्या अगदी जवळ बसली.

"माह्या पदरानं पूस," ती म्हणाली. "हाताले तिखट आहे."