तिसऱ्या ओळीतला रॉड्रिग्ज

बावीस वर्षांपूर्वी आमच्या पलटणीला उत्तरेत, बर्फात पोस्टिंग मिळाली. मी तेव्हा लान्स नाईक, सिग्नल प्लाटूनमध्ये ऑपरेटर. बेस कॅम्प बारा हजार फुटांवर. तिथून दोन किलोमीटर वर, कड्याच्या पलीकडे, टॉप पोस्ट. टॉपवर एका वेळी तीन जण, एकवीस दिवसांची ड्यूटी. दोन्हींच्या मध्ये टेलिफोनची काळी केबल. ती केबल चालू ठेवणं हे माझं काम.

आमच्या गावात, चांद्यात, लोक पहिला प्रश्न गोळीचा विचारतात. "दत्ता, किती उडवलं रं?" एकही नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर तुटलेली केबल जोडली. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. उतरू दे. खोटं सांगून मला कुठं सरपंच व्हायचंय?

नाईक जॉन रॉड्रिग्ज वसईचा. वय एकतीस, लग्न झालेलं नाही, घरी एकटी आई. उंच, हडकुळा, आणि जिभेला हाड नाही. बराकीत कुणी हिंदी पिक्चरचं गाणं लावलं की जॉन मध्ये बोलायचा. गायकाबद्दल नव्हे. गायक सगळ्यांनाच माहीत असतो. जॉन सांगायचा, यातली बासरी कुणाची. तो माणूस ठेंगणा होता, माइक एकच आणि उंच, म्हणून त्याला लाकडी खोक्यावर उभं करत. या गाण्यात घोड्याच्या टापा ऐकू येतात त्या नारळाच्या करवंट्या आहेत. इथं काचेच्या ग्लासवर चमचा वाजवणारा माणूस दिवसभर बसून होता आणि चमचा एकूण चार वेळा वाजला.

"नाव कुणाचं छापलंय कव्हरवर? संगीतकाराचं," तो म्हणायचा. "आपल्यासारखंच आहे. खंदक आपण खणायचा, फोटो साहेबाचा."

हे वेड कुठून आलं ते त्यानं मला ट्रान्झिट कॅम्पात सांगितलं. त्याचे वडील मुंबईत गाण्यांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. सकाळी सातला व्हायोलिनची पेटी आणि डबा घेऊन निघायचे. जॉन सात वर्षांचा असताना ते वारले. शेकडो गाण्यांत वाजवलं, नाव कुठंच नाही. कोणत्या गाण्यात वाजवलं हे घरातही कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांनाही नीट ठाऊक नसे. नोटेशनचा कागद समोर यायचा, वाजवायचं, उठायचं. गाणं कुठल्या पिक्चरला लागणार हे वादकाला कोण सांगतो? जॉनची आई मग प्रत्येक जुन्या गाण्याला रेडिओचा आवाज वाढवायची. न जाणो, यात असेल.

जॉनला एक गाणं हवं होतं. फक्त एक, ज्याच्याबद्दल खात्रीनं आईला सांगता येईल की यात बाबा आहेत. सुट्टीत तो म्हाताऱ्या वादकांचे पत्ते काढून भेटायला जायचा. बहुतेक ठिकाणी त्याच्या आधी यमदूत पोचलेला असायचा. हे त्याचंच वाक्य, हसत सांगितलेलं.

मग जॉनची ड्यूटी टॉपवर लागली. तिथं रेडिओ लागत नसे. कडा आडवा यायचा. बेसवर मात्र दुपारी अडीचला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम स्वच्छ लागायचा. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. १४३० वाजता मी ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवायचा, टेलिफोनच्या हँडसेटची बोलायची कळ रबरबँडनं दाबून बांधायची आणि हँडसेट ट्रान्झिस्टरसमोर धरून कान तिथंच टेकवायचा. वर तिघं जण एका हँडसेटवर डोकी लावून ऐकायचे. लॉगबुकात मी लिहायचो, "१४३०, लाइन टेस्ट. लाइन ओके." सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. त्यांना सगळं माहीत होतं. एकदा म्हणाले, "शेलार, तुझी लाइन रोज पंधरा मिनिटं टेस्ट करावी लागतीया? लईच नाजूक दिसतीया." आणि लॉगबुकावर सही केली.

जॉननं या पद्धतीला एक नियम घातला होता. गाणं चालू असताना लाइनवर कुणी बोलायचं नाही. मधलं म्युझिक चालू असताना तर श्वासही बेतानं घ्यायचा. गाणं संपलं की मी म्हणायचं, "टॉप, बोल." मग जॉन कोणी कुठं काय वाजवलं ते सांगायचा. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी तो शिव्या घालायचा, आणि त्याच्या शिव्या ऐकण्यासारख्या असल्या तरी खाण्यासारख्या नव्हत्या.

हिवाळा संपत आला होता. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बर्फात लख्ख ऊन चांगलं नसतं. सकाळपासून आसपासच्या उतारांवर बर्फ सरकल्याचे आवाज येत होते, ढबढब, लांबून. तसे आवाज त्या आठवड्यात रोज येत होते. १२०० च्या रिपोर्टला जॉन म्हणाला, "सब ठीक. तीन आदमी, तीनों भूखे. ओव्हर."

१४३० ला मी हँडसेट बांधला. पहिलं गाणं झालं, जॉन बोलला. १४३६ ला दुसरं लागलं. बाईचं गाणं, संथ चालीचं. दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनचा मोठा तुकडा येतो. तो सुरू झाला आणि लाइनवर जॉनचा आवाज आला.

"दत्ता, हे ऐक. हे..."

नियम त्यानं केलेला आणि तोच मोडत होता. मला हसू आलं. मी उत्तर दिलं नाही. बाहेर कुठंतरी ढबढब झालं. तेही रोजचंच. लाइन शांत होती. गाणं चालू असताना ती शांतच असायची. मी व्हायोलिन ऐकलं, पुढचं कडवं ऐकलं, शेवट ऐकला. मग म्हणालो, "टॉप, बोल."

काही नाही.

"टॉप, टॉप, बेस. बोल रे, नियम तू मोडलास."

रबरबँड काढला, हँडल फिरवलं. हँडल हलकं लागलं. केबल शाबूत असली की हाताला भार लागतो, ते ऑपरेटरला कळतं. मी बाहेर धावलो. कड्याच्या वर पांढरा धुरळा अजून खाली बसत होता.

"साहेब, टॉपची लाइन गेली. ॲव्हलांच."

सुभेदारसाहेबांनी बूट घालता घालता विचारलं, "किती माणसं?"

"तीन."

"टाइम?"

"१४४०."

बारा जण फावडी आणि दोर घेऊन निघालो. पुढं मी, कारण केबल माझी. हातानं केबल ओढत, बर्फातून उपसत वर गेलो. १५२५ ला पोस्टच्या जागी पोचलो. पोस्ट नव्हती. केबलही तिथंच संपली, तुटकं टोक माझ्या हातात आलं. आम्ही सळया खुपसत शोधू लागलो. १५४० ला दोघं सापडले, चहा करायला गेले होते त्या शेगडीच्या कोपऱ्यात, छपराच्या पत्र्याखाली. जिवंत. जॉन १६०५ ला सापडला. हँडसेट त्याच्या हातात होता.

डॉक्टरसाहेब म्हणाले, लगेच गेला असेल. चौकशी झाली. मी वेळा सांगितल्या. लाइन गेल्याचं १४४० ला कळलं, हे खरंच होतं. ती कधी गेली हे कुणी विचारलं नाही. ते गाणं पुढं बाजारात कॅसेटवर मिळालं. मी घड्याळ लावून बसलो. "दत्ता, हे ऐक" पासून गाणं संपेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढा वेळ माझा मित्र बर्फाखाली होता आणि मी त्याचा नियम पाळत होतो. एवढ्या वेळानं काही फरक पडला असता का? नसेल पडला. पण हे स्वतःला सांगण्यात माझी बावीस वर्षं गेली.

जॉनचं सामान घेऊन मी वसईला गेलो. त्याच्या आईनं एकच विचारलं. "काय करत होता?"

"गाणं ऐकत होता."

"कुठलं?"

मी सांगितलं. तिनं त्याचं सामान जवळ ओढलं. मग म्हणाली, "त्यात त्याचा बाबा होता का रे?"

मला माहीत नव्हतं. तेव्हापासून जॉन गेला त्या तारखेला दर वर्षी मी तिला फोन करतो. ती तब्येत विचारते, पोरांचं विचारते आणि शेवटी म्हणते, "कळलं का काही?" मी म्हणतो, "नाही, आई." जॉनसारखाच मीही पत्ते काढून फिरलो. मुंबईत चार माणसांना भेटलो. एकाला आठवत नव्हतं, एकाला बोलता येत नव्हतं, दोघांच्या घरी फोटोला हार होता. माझी बायको म्हणायची, "अहो, मेलेल्या माणसाचं काम कुटवर करणार तुमी?" आणि पुढच्या वेळी तीच डबा बांधून द्यायची.

आता मी पुण्याजवळ मारुंजीत एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सगळे कंपनीतले लोक. भाडेकरू येतात, जातात, टेम्पो थांबतच नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर बी विंगला एक टेम्पो आला. सामान उतरवताना गेटवर गोंधळ झाला म्हणून मी गेलो. गार्ड म्हणाला, "सायेब, आजोबा ती पेटी कुणाला हात लावू देत न्हाईत. टेम्पोत त्यांच्या मांडीवर हाय." व्हायोलिनची पेटी होती.

कामत आजोबा, वय त्र्याऐंशी. लेक कंपनीत कामाला, तिच्याकडे कायमचे राहायला आलेले. मी आठ दिवस थांबलो. हिंमत होत नव्हती, हे कबूल करतो. इतक्या वर्षांत "नाही" ऐकायची सवय झाली होती, पण हे शेवटचं "नाही" असेल असं वाटत होतं. मग एका संध्याकाळी ते खाली बाकावर बसले असताना मोबाइलवर ते गाणं लावलं आणि विचारलं, "आजोबा, यात व्हायोलिनला रॉड्रिग्ज होते का? वसईचे?"

त्यांनी मधला तुकडा येईपर्यंत हात वर करून मला गप्प केलं. तुकडा झाला आणि ते हसायला लागले.

"सुकट!" ते म्हणाले.

मला काही समजेना.

"अरे, रेकॉर्डिंगच्या मध्येच लाइट गेली. एसी बंद. आम्ही चोवीस व्हायोलिनवाले घामानं भिजलेले. या रॉड्रिग्जला भूक लागली, त्यानं तिथंच डबा उघडला. सुकट! स्टुडिओत असा वास सुटला की संगीतकार काचेच्या मागून ओरडत बाहेर आला. हा बिचारा डबा मांडीखाली लपवतोय. लाइट आली, टेक झाला, तोच हा. त्या दिवशी आम्ही सगळे हसू दाबून वाजवत होतो."

"म्हणजे होते?"

"होता म्हणजे? तिसऱ्या ओळीत, माझ्या डाव्या हाताला."

मी जॉनचं सांगितलं. तो तुकडा लागला आणि जॉन नियम मोडून बोलला, हे सांगितलं. विचारलं, "पोरानं बापाचा आवाज ओळखला असेल का?"

त्यांनी मान हलवली. "चोवीस व्हायोलिनं एक होऊन वाजतात, बाबा. एक जरी वेगळं ऐकू आलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवत नसत. रॉड्रिग्जला रोज बोलवायचे." मग म्हणाले, "पण मी वादक आहे, कुणाचा मुलगा म्हणून मी ते कधी ऐकलं नाही. मला काय माहीत?"

१८३० ला गेटच्या केबिनमधून मी वसईला फोन लावला. तारीख नव्हती, त्यामुळं ती घाबरली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी परेडच्या आवाजात बोलतो. म्हणालो, "आई, कळलं. त्या गाण्यात बाबा होते. तिसऱ्या ओळीत." आणि सुकटीचं सांगितलं.

मग ती म्हणाली, "रागावून आला होता घरी. म्हणाला, पुन्हा डब्यात सुकट दिलीस तर बघ. का, ते काही बोलला नाही. आणि मी दिली नाही रे कधी. त्याला किती आवडायची." ती रडत होती. मीही रडलो. गार्डनं केबिनचं दार बाहेरून ओढून घेतलं.

मग मी ते एक मिनिट चाळीस सेकंद सांगितले. बावीस वर्षांत ते कुणाला सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. ओरडून सांगावे लागले, कारण हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "बोलला तेव्हा खुशीत होता का तो?"

"हो, आई. खुशीत होता."

"मग तू कशाला मध्ये बोलायचं होतंस?" ती म्हणाली.

टॉपवरचे ते दोघं आज निवृत्त आहेत. एक लातूरला, एक बुलढाण्याला. दोघांनाही नातवंडं आहेत. जॉन त्या वेळी एकतीसचा होता, आज त्रेपन्नचा असता. आमच्या पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव नववं आहे, इंग्रजीत, आद्याक्षर आणि आडनाव.

फोन ठेवताना त्याची आई म्हणाली, "आता विचारायचं काही उरलं नाही. तरी फोन करशील ना?"