द्राक्षगर्भ आणि स्कूटीवरचा आळ

सोनोग्राफी करता करता मॅडमचा हात थांबला. मघापासून त्या माझ्याशी बोलत होत्या, सासर कुठलं, मळमळ किती होते. ते बोलणंही थांबलं. मी ठोके ऐकायला कान लावून पडले होते.

"सारिका, यात बाळ नाहीये," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, ठोके बंद पडलेत असं त्या सांगतायत. पण बाळ मुळात झालंच नव्हतं. याला व्हेसिक्युलर मोल म्हणतात, आपल्याकडं द्राक्षगर्भ. गर्भ रुजतो, पण त्याचं बाळ होत नाही. वारेच्या जागी पाण्यानं भरलेले फोड वाढत जातात, द्राक्षाच्या घोसासारखे. गरोदरपणाचं हार्मोन मात्र ते भरमसाट सोडतात. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणून एवढ्या उलट्या, म्हणून पोट महिन्यांच्या मानानं मोठं.

उलट्या! पाणीसुद्धा ठरत नव्हतं पोटात. सगळ्या म्हणायच्या, जास्त उलट्या म्हणजे बाळ दणकट. मग मी आनंदानं ओकायचे. तोंड धुऊन पोटावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, बस की रे आता. मी कुणाशी बोलत होते?

आणि मी काही हयगय केली नव्हती. दिवस राहण्याच्या आधीच मी आणि माझे मिस्टर प्रवीण डॉक्टरांकडं गेलो होतो. थायरॉइड तपासलं, रक्त वाढवलं, रुबेलाची लस घेऊन मॅडमनी सांगितलं तेवढं थांबलो. फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून चालू होती. ऑफिसला मी स्कूटीवर जायचे, तिथल्या बायका हसायच्या, "पाळणा हलायच्या आधीच दवाखाना?" एवढं सगळं करूनही माझ्याच शरीरानं मला फसवलं.

भूल देऊन सक्शननं गर्भपिशवी साफ केली. दुसऱ्या दिवशी मळमळ गेली आणि सडकून भूक लागली. आईनं डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी आणली होती. मी सगळी खाल्ली, आणि खाताना मला माझीच लाज वाटत होती.

तपासणीला पाठवलेल्या नमुन्याचा निकाल आला तेव्हा मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "स्त्रीबीज रिकामं होतं. आईकडची गुणसूत्रं त्यात नव्हतीच. जी होती ती सगळी वडिलांकडची. हा निसर्गाचा अपघात आहे. गाडी चालवल्यानं, वजन उचलल्यानं, पपई खाल्ल्यानं हे होत नाही."

प्रवीणनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडून झालं का?"

"नाही. कुणाकडूनच नाही."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं.

मग सुरू झाल्या दर आठवड्याच्या रक्ततपासण्या. बीटा एचसीजी, म्हणजे त्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण. ते उतरत नॉर्मलला यायला हवं. पुन्हा चढलं तर आत काहीतरी वाढतंय असं समजायचं. मग केमोची औषधं. बहुतेक बायका त्यानं पूर्ण बऱ्या होतात असं मॅडम म्हणाल्या. आकडा नॉर्मलला येऊन टिकेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. लॅबमध्ये एकदा शेजारी बसलेली मुलगी हीच तपासणी करायला आली होती. तिला आकडा वाढायला हवा होता, मला उतरायला.

असंच चाललं असताना गंगापूरजवळ सासरच्या गावी दिराचा साखरपुडा होता. पडेगावच्या आमच्या घरून आम्ही एसटीनं गेलो. बायका हळद-कुंकवाची ताटं लावत बसल्या होत्या. चुलत सासूबाई माझ्याजवळ सरकल्या.

"आता तरी ती स्कूटी सोड बाई. एक लेकरू गेलं ना तिच्यापायी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण म्हंजे? परवीननंच की. लई समजावलं म्हणं त्यानं, तू ऐकलंच नाय."

बाकीच्या बायका ताटांकडं बघत राहिल्या. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांनीही मान वर केली नाही. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आत्याबाईंचे फोन का आटले होते, ते मला तिथं कळलं.

एसटीत माणसं होती. घरी येऊन चपला काढायच्या आधी मी विचारलं, "तुम्ही असं का सांगितलं?"

प्रवीण चपला काढायला वाकले. मग म्हणाले, "काय सांगणार होतो? सगळं बापाकडचंच होतं म्हणून? गावानं काय म्हटलं असतं?"

"आणि मला काय म्हणतायत?"

ते आत निघून गेले. मॅडमचं ते वाक्य मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, कुणी प्रवीणकडं बोट दाखवू नये म्हणून.

पुढच्या तपासणीला मी आत्याबाईंना बोलावून घेतलं. प्रवीणनाही सुट्टी टाकायला लावली. मॅडमना म्हटलं, आमच्या घरच्यांना एकदा समजावून सांगा. त्यांनी कागदावर गोल काढून सगळं पुन्हा सांगितलं.

"मंग ती स्कूटी?" आत्याबाईंनी विचारलं.

"स्कूटीचा काहीच संबंध नाही, मावशी. मी दोघांना निकाल आला त्याच दिवशी सांगितलं होतं."

आत्याबाई लेकाकडं वळल्या. "व्हय रं? तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय," प्रवीण म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी माझा हात धरला. "मी तुला लई बोलले गं. मनातल्या मनात." मग प्रवीणना म्हणाल्या, "तुझ्या काकीला फोन लाव. आत्ता लाव. मी उभी हाय इथंच."

ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी रक्त द्यायला आत गेले होते.

आकडे पुढं नॉर्मलला आले आणि तिथंच राहिले. मॅडमचे आणि आत्याबाईंचे उपकार मी विसरणार नाही. कुणाच्या वाट्याला हे आलंच, तर रक्ततपासण्या एकही चुकवू नका. आणि डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा नवऱ्याबरोबर घरातलं आणखी एक माणूस आत न्या.

शरीरावरचा राग माझा गेला. त्याला काही कळत नव्हतं. प्रवीणना सगळं कळत होतं. ते आता माझ्याशी फार जपून वागतात, चहासुद्धा करून देतात. मी घेते.

पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही असं मॅडमनी सांगितलं आहे. मी ते प्रवीणना अजून सांगितलेलं नाही.