द्वारकाबाईंची उघडी पाकळी

खडकीच्या कारखान्यात उत्तरेश्वरराव तपासणीला होते. आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि ती सवय फाटकावर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. क्वार्टरमध्ये आलेली भाजी, आलेले पाहुणे आणि उंबऱ्यासमोरची द्वारकाबाईंची रांगोळी, सगळ्यांची तपासणी व्हायची.

“इथली पाकळी उघडी राहिलीय,” चपला काढता काढता ते बायकोला सांगायचे.

“राहिली नाही, ठेवलीय,” द्वारकाबाई मान वर न करता म्हणायच्या. “सगळंच बंद केलं तर लक्ष्मी काय खिडकीतून येईल?”

“मग बाकीच्यांकडे कशी येते ती?”

“बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा. तुम्ही आलात ना आत? मग सरका, पाय पडेल.”

संसारभर हा संवाद चालला. पाकळी कधी मिटली नाही आणि तपासनीसही कधी थकला नाही.

मग द्वारकाबाईंचे गुडघे संपावर गेले. खाली बसल्या की उठवायला माणूस लागे. त्या सुमाराला पुण्यात घरटी एक जण तरी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. त्यांची लेक श्रद्धा तर क्लास संपवून, नोकरी धरून, लग्न करून वारज्याला गेलीसुद्धा होती. तिनं आईवडिलांना सुटे भाग जोडून केलेला एक कॉम्प्युटर आणून दिला. द्वारकाबाईंनी त्याच्यासाठी लोकरीचं झाकण विणलं. त्याच्यापुढे बसताना उत्तरेश्वरराव पाय पुसून बसत.

श्रद्धानं आईला दिवाळीचं शुभेच्छापत्र करून दिलं. वर शुभेच्छा, खाली ‘सौ. द्वारका व श्री. उत्तरेश्वर’ आणि मधोमध एक चित्राची चौकट बसवलेली. चौकटीवर माउसनं दोनदा टिचकी मारली की ब्रश, रंग, बादली असं सगळं सामान पुढ्यात यायचं. बाहेर टिचकी मारली की सामान गडप आणि पुन्हा आपलं साधं पत्र. उन्हाळाभर दुपारी खुर्चीत बसून द्वारकाबाईंनी त्या चौकटीत ठिपके मांडले, रेघा ओढल्या, कमळ उमलवलं. एक पाकळी अर्थातच उघडी.

“रंग?” उत्तरेश्वररावांनी विचारलं.

“दिवाळीला भरू. आत्तापासून भरून काय मुंग्यांना दाखवायचेत?”

भाद्रपदात द्वारकाबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणायचं राहूनच गेलं.

ती दिवाळी तशीच गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर, दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर उत्तरेश्वररावांच्या लक्षात आलं, की आयुष्यभर बाईनं रोज सकाळी रांगोळी घातली आणि रोज दुसऱ्या सकाळी ती स्वतःच्याच केरसुणीनं झाडून टाकली. तिच्या हातची उरली आहे ती एवढीच, चौकटीतली. तिच्यात रंग भरायचा, स्टेशनजवळच्या दुकानात पत्रासकट मोठी छापून घ्यायची आणि दाराला लावायची, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी आंघोळ करून ते बसले. आधी पत्राखालचं नाव दुरुस्त करायला हवं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं शुभेच्छा कशा जाणार? ‘सौ. द्वारका व’ एवढी अक्षरं त्यांनी खोडली. खोडताना बोट थबकलं, पण नियम तो नियम. मग चौकटीवर दोनदा टिचकी मारली, हळदीचा पिवळा निवडला, एका टिचकीत रेघांमधली बंद जागा भरून टाकणारी बादली उचलली.

पहिली टिचकी नेम चुकून रेघेवरच पडली. ठिपक्यांसकट सगळी रेघ पिवळी झाली. ‘असू दे, शोभतेय,’ त्यांनी पास केली. दुसरी टिचकी पाकळीत. नेमकी त्याच पाकळीत. रंग पाकळीत भरला आणि उघड्या तोंडातून बाहेर सांडला. क्षणात चौकटभर पिवळं. पिवळ्यात पिवळी रेघ दिसणार कुठून? कमळ नाही, ठिपके नाहीत. मिटलेल्या पाकळ्यांच्या जागी तेवढे पांढरे तुकडे उरले.

घाबरून कुठंतरी टिचकी मारली, ती चौकटीबाहेर. सामान गडप. केलेलं मागं घ्यायची कळ श्रद्धानं शिकवली होती, ती त्यांनी दाबली. चित्र हललं नाही. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. आणि चित्राखाली, जिथं त्यांनी खोडलं होतं तिथं, अक्षरं परत आली. ‘सौ. द्वारका व’.

उत्तरेश्वरराव त्या अक्षरांकडे बघत राहिले. आता आणखी काही दाबलं आणि हेही गेलं तर? त्यांनी घाईघाईनं सेव्ह केलं. मग श्रद्धाला फोन लावला.

ती दुपारी आली ती चप्पल न काढता थेट कॉम्प्युटरशी. बरीच खटपट केली.

“बाबा, ही कळ पत्रातलं मागं घेते. चौकटीच्या आत काय झालं ते पत्राला कळत नाही. आणि तुम्ही बाहेर पडलात की आतला हिशेब मिटला.” ती थांबली. “सेव्ह नाही ना केलंत?”

“केलं. तुझ्या आईचं नाव परत आलं होतं. म्हटलं, पुन्हा जायला नको.”

श्रद्धाचा हात तिथंच राहिला.

“का गं? करायला नको होतं?”

“तसं नाही.”

“न करता बंद केलं असतं, तर जुनं आलं असतं का?”

“नसतं आलं, बाबा,” पडद्यावरची नजर न काढता श्रद्धा म्हणाली. “काहीच उपयोग नव्हता.”

उत्तरेश्वररावांनी लेकीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी कप फोडून मांजरावर ढकलताना व्हायचे तसे. जन्मभर माणसांनी खोटा माल खरा म्हणून पुढ्यात ठेवलेला त्यांनी पाहिला होता, आणि एकदाही सोडला नव्हता.

“मग ठीक,” ते म्हणाले. “मला उगाच वाटलं.”

तिनं मान हलवली. ते उठले आणि चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. आधण उकळून आटलं तरी त्यात साखर-पत्ती पडली नव्हती. बाहेर श्रद्धा हुंदके दाबत होती, आणि आपलं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ मोठा सोडून ठेवला होता.