वाघ्याच्या अंगावरचे पट्टे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, थोरल्या भावापुढे नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वहिनीपुढे तर नाहीच. कितीदा जिभेवर आलं — आणि मी पाणी मागून घेतलं.

अकोल्यात मला ओळखणारे लोक दोन गोष्टींवरून हसतात. एक म्हणजे, जनावरांच्या बाबतीत मी फार कडक आहे. शेजारच्या पोरींनी मांजरीला झबलं घातलं होतं, ते मी भर दुपारी जाऊन उतरवलं. पोळ्याला बैलांची शिंगं खुशाल रंगवा, पण अंगावर तेलरंगाचा ठिपका दिसला की मी भांडायला उठतो. गेरू लावा म्हणतो, पाण्यानं जातो. आणि दुसरी गोष्ट, जादूचे सिनेमे. उडते घोडे, गालिचे, अंगठी घासली की उभा राहणारा राक्षस. घरचे सगळे जातात, मी जात नाही. तशी जादूला माझी हरकत नाही हो. राक्षसाला दहा हात द्या, बारा द्या. पण शेवटी कुणीतरी मंतरलेलं पाणी शिंपडतो आणि दगड झालेला माणूस डोळे चोळत उठतो, जणू काही झालंच नाही — तिथं माझं डोकं फिरतं. असं कसं? लोक म्हणतात, माणूस हळवा आहे, थोडा चक्रमही आहे. हळवा! म्हणू दिलं मी.

एकेकाळी हेच सिनेमे मला खुळं करायचे.

तेव्हा आम्ही बडनेऱ्याला होतो. दादाची शेती, मी बिनकामाचा, विशी ओलांडलेला. वाघ्या वहिनीचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, चांदूर रेल्वेला गेली, तेव्हा येताना टोपलीत घालून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. नवं घर, सासूचा दरारा, दादा अबोल — तिचं बोलणं सगळं वाघ्याशी. ती तूर निवडायला बसली की तो तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. मुंग्या आल्या तरी ती पाय हलवायची नाही.

भिंतीपलीकडे नामदेवकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि कोंबड्यांचे शौकीन. वाघ्या भिंतीवरून उडी मारून कोंबड्या उधळायचा. धरली एकही नाही कधी. काका ओरडायचे, एक दिवस याले भाकरीत उंदराचं औषध देतो म्हणायचे, आणि संध्याकाळी उरलेली भाकर त्यालाच टाकायचे. साऱ्या आळीला ते ठाऊक होतं. म्हणजे — ओरडणं ठाऊक होतं. भाकर कोण पाहतो?

त्या हिवाळ्यात अमरावतीला तंबूचा सिनेमा आला होता. जादूचाच. त्यात मांत्रिक राजपुत्राच्या कुत्र्याचा वाघ करतो. जाहिरातीची बैलगाडी गावभर फिरायची. मॅनेजर म्हणाला, एखादं धिप्पाड कुत्रं वाघासारखं रंगवून गाडीपुढे चालवशील, तर रोज खुर्चीवर बसून फुकट पाहा. आणि भोंगाही तुझ्याच हातात.

भोंगा माझ्या हातात! आज हसू येतं? मला येत नाही.

वहिनी, दादा आणि आई दोन दिवस चांदूरला गेले होते. गोठ्यात पोळ्याचा तेलरंग उरलेला होता, पिवळा आणि काळा. बैलांची शिंगं दरवर्षी मीच रंगवायचो, हात चांगला होता माझा. बैलाला चालतं, तर कुत्र्याला का नाही चालणार — इतकाच विचार केला. शिंग म्हणजे कातडी नव्हे, आणि बैल काही शिंग चाटत नाही, हे डोक्यात आलं नाही. वाघ्या शहाण्यासारखा उभा राहिला. पट्टा ओढताना मधेच माझं मनगट चाटायचा. अमरावतीला त्याला गोणपाटाखाली झाकून नेलं आणि तसंच परत आणलं, आळीत कुणी पाहिलं नाही. तिथं पोरं मागे धावली, बायांनी दारं लावून घेतल्यासारखं केलं, आणि तो शेपूट हलवत मिरवत चालला. इतका सुंदर वाघ मी नंतर पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं वहिनी येणार. पाण्यानं पट्टे जाईनात. मग घासलेट घेतलं — फडक्यानं नव्हे, डब्यातून ओतून. फडक्यांनी चोळलं, पुन्हा ओतलं. तो कण्हला, मी त्याचं तोंड दाबून धरलं. रंग गेला. सगळं पूर्ववत. तो मात्र अंग चाटत बसला, आणि मी त्याला चाटू दिलं. मला फडकी जाळायची घाई होती.

वहिनी आली तेव्हा तो ओकत होता. तोंडाला फेस. सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा गेला, तिच्या पावलावर हनुवटी ठेवून.

घासलेटाचा वास तिला आला होता. आमच्याकडे गोचीड झाले की गुराला घासलेटाचा हात फिरवतातच. रडता रडता ती मला म्हणाली, “गोचिडं काढाले घासलेट लावलं होतं न भाऊजी? तुमालेच त्याची कदर होती.”

मी हो म्हणून मान हलवली. तिथंच झालं सगळं. एवढीशी मान!

आणि मग आळीला औषध आठवलं. वहिनीनं काकांकडे भाजीची वाटी पाठवणं बंद केलं. आमची शांत वहिनी — एकदा भिंतीशी जाऊन, “काका, आता कोंबड्या सुखात असतीन न तुमच्या?” म्हणाली. पोरं काकांना औषधवाले म्हणू लागली. ते थेट माझ्याकडे आले, गोठ्यात, टोपी हातात घेऊन.

“म्या नाई केलं रे बाप्पा. तुले तरी पटते का?”

“पटते काका.”

खरं बोललो. आयुष्यातलं सगळ्यात हलकट खरं. कारण हे मी त्यांना एकट्याला सांगितलं; वहिनीला नाही, आळीला नाही. ते मात्र त्या दोन शब्दांवर जगले. मी दिसलो की त्यांचा चेहरा उजळायचा. मला अंडी द्यायचे. मीही त्यांच्यापाशी बसायचो — आवडायचे मला ते, खरंच आवडायचे. हे कसं जमत होतं मला?

वहिनी गेल्या महिन्यात अकोल्याला आली होती. माझ्या मुलीला तिनं वाघ्याची गोष्ट सांगितली — शेजाऱ्यानं कसं मारलं, आणि तुझ्या बाबानं शेवटपर्यंत कशी सेवा केली. मी शेंगा सोलत होतो. सोलत राहिलो.

काका कधीचेच गेले. त्याआधी त्यांनी कोंबड्या विकून टाकल्या होत्या; कोंबड्यांपायी केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून. आवडीची एक पांढरी तेवढी ठेवली होती. मी अकोल्याला यायला निघालो त्या दिवशी ते तिला काखेत घेऊन स्टेशनवर आले. तिचे पाय मऊ चिंधीनं बांधले होते, काचू नयेत म्हणून. “तुवाच इश्वास ठेवला,” म्हणाले, आणि तिला माझ्या हातात दिलं.

मी ती घेतली.