दोन दुकानांत विचारणारा जाकीर

धाड गावात जाकीरचं इंटरनेट कॅफे होतं. बीटी कपाशीची पानं लाल पडली की शेतकरी पान घेऊन त्याच्याकडे येत. कापसाचा भाव दोन दुकानांत विचारावा, तसा हा हट्टी माणूस प्रत्येक प्रश्न दोन सर्च इंजिनांना विचारी. दोघांचं जुळलं तरच औषधाचं नाव लिहून देई. तोवर माझंही पान घेऊन रांगेत उभं राहून माझं डोकं फिरायचं.

एका दिवाळीत दोन्हींची उत्तरं ओळीन् ओळ सारखी यायला लागली. दोन दुकानदार इतकं सारखं कधी बोलतात? मशीनला व्हायरस लागला असं वाटून जाकीर हबकला. चार दिवस त्याने कुणालाच चिठ्ठी दिली नाही. मग पेपरात बातमी दिसली: त्या दोन सर्च इंजिनांपैकी एकाच्या कंपनीने स्वतःचं शोधणं सोडून दुसऱ्या इंजिनाकडूनच उत्तरं घ्यायला सुरुवात केली होती.

“मशीन चांगली हाये!” हातात पान घेऊन बसलेल्या सिंधूताईला तो हसत म्हणाला आणि बातमी वाचून दाखवली.

“म्हंजे पाट्या दोन अन् माल एकाच गोदामातला?”

“हाव, ताई.”

“मंग तिसरं दुकान पाय ना, भाऊ. माह्यं पान वाळून राह्यलं.”