वाढणारा दगड

सालेकशाच्या जंगलात रेल्वे आली याचं ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी एकदा सुकवारो उईकेची गोष्ट ऐकावी.

तिचा नवरा सुखराम गोऱ्या साहेबाच्या शिकारीत हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करून वाघ उठवायला गेला. गेला कसला, नेला! गोंडांच्या टोल्यातून, म्हणजे वस्तीतून, माणसं बेगारीला धरून न्यायची, ही तेव्हाची रीतच. वाघानं सुखरामला फाडलं. साहेबानं मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेतला.

सुकवारोनं रिवाजाप्रमाणे गावाबाहेर नवऱ्याच्या नावाचा दगड उभा केला. मेलेला माणूस त्या दगडात राहायला येतो, आणि तो सुखात असला की दगड वाढतो, अशी त्यांची श्रद्धा. सुखरामचा डावा खांदा उतरता होता, म्हणून तिनं दगडही तसाच शोधून आणला होता. सणाला ती त्याला हळद लावी, वितीनं मोजी आणि हसून सांगे, "वाढून राहिला!"

मग लाइन आली. नाल्यावरच्या पुलाला दगड हवे होते. ठेकेदाराला खाण फोडायचा कंटाळा. त्यानं गावाबाहेर आयते उभे असलेले दगड बैलगाडीत घातले. कोणाचे, म्हणून विचारलंसुद्धा नाही. साहेबाच्या बापाच्या कबरीवरचा दगड असा कोणी उचलला असता तर?

पुलाच्या भिंतीत सुकवारोनं तो उतरता खांदा ओळखला आणि ती तिथंच हळद लावायला जाऊ लागली. शिपायानं तिला पकडलं. रेल्वेच्या हद्दीत का घुसलीस, असं कचेरीत साहेबानं विचारलं.

"मी नाई घुसली साहेब. माहा माणूस तुमीच नेला तिथं."

साहेब हसला. तिला तुरुंगात धाडलं.

सुटून आल्यावर गोतातले म्हणाले, नवा दगड उभारू. ती तडकली, "अन् तो त्या भिंतीत एकटाच राहीन का? मी मेली का माहा दगड त्याच्याजवळ ठेवजा. पन मोकळ्यात ठेवजा, वाढाले जागा पाहिजे."

ती गेली तेव्हा लोकांनी तिचा दगड पुलाजवळ, पण हद्दीबाहेर उभा केला. पुढच्या पावसाळ्यात पुलाची एक बाजू खचली. डागडुजीला आलेल्या मुकादमाला जवळच एक चांगला दगड दिसला. त्यानं तो उचलला आणि चुना घालून भिंतीत बसवला.

"चला, नवऱ्याजवळ तर पोचली," असं आजही कोणी कोणी म्हणतं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिनं वाढायला जागा मागितली होती हो, आणि यांनी तिलाही चिणून टाकलं.