लेफ्टनंटचा नातू

गंजगोलाईजवळच्या चहाच्या हॉटेलात तो रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही, कारण तो स्वतःच 'लेफ्टनंटचा नातू' अशी ओळख करून द्यायचा. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढले होते, नातवाचं खताचं दुकान होतं. लातूरच्या उन्हातही कोट घालून त्यावर आजोबांची पदकं लावायचा आणि बशीतला चहा भुरकताना त्यांवर डाग पडू नये म्हणून एका हातानं ती झाकायचा.

युद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांच्या वारसांची एक संस्था होती, तिचा हा चिटणीस. तिथं आजोबांचा हुद्दा नातवाला चालत यायचा. त्यामुळं मेजरचा नातू, म्हणजे समोरच्या गल्लीतला विमा एजंट, हॉटेलात शिरला की हा हातातलं भजं टाकून ताडकन उभा राहायचा.

एकदा एक म्हातारे निवृत्त कॅप्टन काठी टेकत सभासद व्हायला आले.

"तुमी सोता लढलात, खरं हाय," हा बसूनच म्हणाला. "पण तुमी वारस कुनाचे?"

"वडील शेती करायचे."

"मंग न्हाई जमत. तुमच्या माघारी तुमच्या नातवाला घिऊ की."

"म्हंजे मी मेल्याबिगर माझा मान न्हाई?" कॅप्टन हसले.

"हाव," तो गंभीरपणे म्हणाला. "नियमच हाय तसा."

कॅप्टन निघाले. तेवढ्यात दारात विमा एजंट दिसला. हा ताडकन उभा राहिला आणि कॅप्टनना म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. मेजरसाहेब यायलेत."